अनुभव धागा : रोजच्या गाडीसाठी स्वस्तातलं जीपीएस, तुम्ही काय वापरता?

बाबांची जुनी गाडी आता माझ्याकडे आलीय, रोज दादर ते ऐरोली. मोबाईल डॅशबोर्डवर ठेवून चालवते, पण मे महिन्यात ऐरोली पुलावर तो इतका तापला की स्क्रीनच काळी झाली. वेगळं जीपीएस घ्यावं का? बजेट पाच-सहा हजार. दुकानदाराने सांगितलेलं नको, स्वतः वापरलेलं सांगा प्लीज.

ठाणेकर : माझ्याकडे काचेला चिकटवायचं यंत्र होतं. नेट लागायचं नाही, कोकणात घाटात रेंज गेली तरी हे आपलं चालू. पण नकाशा आतल्या कार्डात. 2013ला ईस्टर्न फ्रीवे सुरू झाला तरी याला पत्ताच नाही, मी पुलावर आणि स्क्रीनवर गाडी शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगोंसोबत, वर "यू टर्न घ्या" चा जप. अपडेटचे पैसे मागितले तेव्हा ड्रॉवरमध्ये गेलं ते गेलंच. आणि त्याला ट्रॅफिक कुठे कळतंय? मुंबईत रस्ता माहीत नाही म्हणून थोडीच लावतो आपण, कुठे तुंबलंय ते बघायला लावतो.

कुर्ल्याचा : अँड्रॉइड स्टिरिओ बसवला सीएसटी रोडवरून, 2 जीबी रॅमवाला, फिटिंग धरून सात हजार. पंधरा दिवस गाडी सारखी बाजूच्या गल्लीत दाखवायचा, मी त्यालाच शिव्या घालतोय, नंतर कळलं फिटिंगवाल्याने अँटेनाची काळी डबी डॅशच्या आत लोखंडी पट्टीखाली कोंबलेली. तिला आकाश दिसायला लागतं. काचेखाली आणून चिकटवली आणि सुतासारखा सरळ झाला. तरी स्लो आहेच, नेटही मोबाईलच्या हॉटस्पॉटचंच.

स्कूटरवाली : माझं ॲप कारच्या मोडवर राहिलं आणि त्याने मला जेजे पुलावर चढवलं. तिथे दुचाकीला बंदी. खाली हवालदार उभेच होते. पुढचं विचारू नका.

धागाकर्ती : आणि बोगद्यात कुठलं चांगलं चालतं? कोस्टल रोडने जायचं असतं कधीकधी.

ठाणेकर : बोगद्यात सगळेच आंधळे. उपग्रह वर 20 हजार किलोमीटरवर, जागा ठरवायला निदान चार तरी दिसावे लागतात. तिथे दोन किलोमीटर एकही दिसत नाही, फोन अंदाजाने बाण पुढे ढकलत राहतो. पुलावर की पुलाखाली यातही गंडतो, उंची नीट कळत नाही ना.

पार्ल्याची काकू : अगं कशाला पाच हजार घालतेस? घरात पडलेला जुना फोन काढ. मुंबई-ठाणे-नवी मुंबईचा नकाशा वायफायवर डाउनलोड करून ठेव. जीपीएसला सिम लागत नाही, फक्त नेट नसलं की सुरुवातीला जागा सापडायला वेळ लागतो कारण उपग्रहांची माहिती उपग्रहांकडूनच उतरवावी लागते. मी तेवढ्यात आरसे, सीटबेल्ट उरकते. ट्रॅफिक बघायचा तर हॉटस्पॉट. एसीच्या जाळीला लावायचा होल्डर तीनशेला मिळाला मला, गार हवा लागते, फोन तापत नाही. हातात मात्र धरू नकोस, दंड बसतो.

कुर्ल्याचा : काकू, जाळीची एक पट्टी तुटलीय माझी, जड फोन होता.

पार्ल्याची काकू : मग हलका लाव रे.

धागाकर्ती : जुना फोन सापडला! चार्जर सापडत नाहीये.