होडीच्या प्लॅस्टिकच्या पेट्रोल टाकीला तडा, जोडू की बदलू?

देवबागकर: आउटबोर्डची (होडीच्या मागे बसवतात त्या इंजिनाची) २४ लिटरची लाल टाकी आहे, हँडलच्या खाली बारीक तडा गेलाय, टाकी भरली की पेट्रोल पाझरतं आणि होडीत वास मारतो. एम-सील लावून सीझन निघेल का, की नवीनच घेऊ?

खाडीवाला: दादा एम-सील विसरा. ही टाकी पॉलिथिलीनची, तिला एम-सीलसारखं इपॉक्सी नीट धरतच नाही, आज चिकटल्यासारखं वाटेल आणि लाटांच्या दणक्यात पापुद्र्यासारखं सुटून येईल.

गण्या_दर्यावर: बाजारात प्लॅस्टिक वेल्डिंगवाले असतात ना, बादल्या खुर्च्या जोडतात ते, त्यांच्याकडून करून घ्या, स्वस्तात होईल

खाडीवाला: अरे बाबा नको!! रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा डेंजर असते, आत वाफ राहते आणि गरम हत्यार लावलं की भडका. शिवाय उन्हाने प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, एक तडा जोडला तर शेजारी दुसरा जाणार. नवीनच घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळाशी साचून बसते आणि एक ठिणगी पुरते, त्यामुळे आधी ती टाकी होडीतून बाहेर काढा.

देवबागकर: बरं, नवीनच बघतो. पाइप आणि त्यावरचा बल्ब (पेट्रोल इंजिनकडे ढकलायला हाताने दाबतो तो रबरी फुगा) जुनाच लावू?

खाडीवाला: बल्ब दाबून बघा, कडक झाला असेल किंवा पाइपला चिरा असतील तर तेही बदला. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं. भरायची ती जेटीवर उतरवूनच. आणि इंजिन चालू असताना झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा ठेवा, नाहीतर टाकी आत ओढली जाते आणि इंजिन मधेच बंद पडतं.