एरवीच्या दिवशी घरी गोड किती वेळा होतं? (मदत हवी आहे)

बार्शीची_भाकर:

नमस्कार मंडळी. परवा श्रावण सुरू होतोय. आत्ता विचारलं नाही तर थेट तुळशीच्या लग्नानंतरच विचारता येईल, म्हणून घाईघाईत धागा काढतेय.

प्रश्न साधा आहे. सणवार, वाढदिवस, पाहुणे सोडून द्या. एरवी, म्हणजे साध्या मंगळवारी-बुधवारी, तुमच्या घरी गोड किती वेळा खाल्लं जातं?

आम्ही सहकारनगरला राहतो. साबा (सासूबाई), साबु (सासरेबुवा), नवरा, मी आणि नऊ वर्षांची लेक. माझं माहेर बार्शीचं. तिकडे गोड म्हणजे सणाला पुरणपोळी, लग्नात बुंदी आणि एरवी भाकरीचा शेवटचा चतकोर गूळ-तुपाशी. 'गोड काय आहे आज?' हा प्रश्न जेवता जेवता विचारतात हे मला लग्नानंतर कळलं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, कुणी पाहुणे यायचेत आणि मला सांगायचं राहिलंय.

इतकी वर्षं चालवून घेतलं. गेल्या महिन्यात नवऱ्याच्या ऑफिसात तपासणी झाली, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ५.९ आलं. डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, अजून घरात शिरलेला नाहीत. साबुंना तर बारा वर्षं मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. ते रोज तळजाईला फिरायला जातात आणि आठवड्यातून एकदा येताना पाव किलो आंबा बर्फी घेऊन येतात. 'नातीसाठी' म्हणून. नात दोन वड्या खाते. बाकीच्या कुठे जातात ते विचारायचं नसतं.

भांडण्याआधी हिशेब हातात असावा म्हणून मी आषाढ निवडला. म्हटलं सण नाही, वार नाही, निर्मळ महिना. ज्या दिवशी घरात काही गोड खाल्लं गेलं, त्या दिवशी कालनिर्णयवर एक बारीक टिंब. कुणी विचारलं तर दुधाचे खाडे लिहितेय म्हणायचं.

महिनाअखेर टिंबं झाली २४.

आखाड तळायचा असतो हे मी विसरलेच होते. साबांनी डबा भरून गोड कापण्या केल्या, त्यातच आठ दिवस गेले. शिकरण पाच वेळा. बर्फीचे चार दिवस. शिरा, डब्यातलं श्रीखंड, पाऊस असताना मागवलेलं आइस्क्रीम. यातलं एकही 'आज गोडाचं जेवण आहे' असं म्हणून खाल्लेलं नाही.

तर मला सांगा, २४ म्हणजे जास्तच ना? की पुण्यात असंच असतं आणि मीच कोरडी आहे? साबांना न दुखवता हे कमी कसं करायचं? आणि लेकीला काय सांगू? ती आता जेवायला बसतानाच विचारते, गोड काय आहे, त्याप्रमाणे मी पोळ्या कमी-जास्त खाईन.

—

पेठेतला_कोपरा:

शिकरण गोडात धरलीत? केळं हे फळ आहे, दूध हे दूध आहे. पाच टिंबं वजा करा. (हलके घ्या.)

—

विदर्भाचा_ठेचा:

चोवीस??? आमच्याकडे चोवीस दिवस तर्री असते. गोड महिन्यातून तीनदा, तेही बायकोच्या माहेरचे आले तर.

—

ताकभात:

आपल्याकडे जेवणानंतर गोड ही पद्धतच नव्हती. पंगतीचा क्रम आठवा. आधी वरणभात, तूप, लिंबू. मग पोळी किंवा पुरी आणि पक्वान्न. मग मसालेभात. शेवट ताकभात किंवा दहीभात. गोड मध्ये यायचं आणि ताकाने तोंड पुसून माणूस उठायचा. शेवटचा घास गोड ही मला तरी बुफेतून घरी आलेली सवय वाटते, तिला परंपरा म्हणू नका.

त्यामुळे माझा उपाय एकच. गोड करायचं असेल तर पानात वाढा, जेवणाबरोबर. वर दोन घास भात आणि ताक सक्तीचं. ताक प्यायल्यावर बर्फी खावीशी वाटत नाही, करून बघा. शिवाय पोळी, भाजी, वरण आधी पोटात गेलेलं असलं की साखर रक्तात जरा सावकाश चढते, तो फायदा वेगळाच.

अवांतर: पानात गोड वाढलं की पोळ्या कमी होतात. हिशेब तिथेही लागतो.

—

पेठेतला_कोपरा:

@ताकभात, +१. आमच्या आजोबांची शेवटची चतकोर पोळी रोज गुळांब्याशी असायची, पण बरणी आजीच्या ताब्यात. चमचाभरच. आता बरणी फ्रिजमध्ये असते आणि फ्रिजला आजी नाही.

—

दोन_चमचे:

पंधरा वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टिंबं मोजलीत ते छान केलंत, पण टिंबाला वजन नसतं. चमचाभर गुळांबा एक टिंब आणि वाटीभर श्रीखंड हेही एकच टिंब. घरी श्रीखंड करताना साधारण चक्क्याइतकीच साखर घालतात, म्हणजे १०० ग्रॅमच्या वाटीत ५० ग्रॅमच्या आसपास साखर. शिकरणीत माणशी एखादा चमचा.

शिकरणीचा वाद मिटवून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेची जी मर्यादा सांगितली, त्यात अख्ख्या फळातली आणि दुधातली मूळची साखर धरत नाहीत. वरून घातलेली साखर, गूळ, मध, फळांचा रस हे सगळं धरतात. तेव्हा केळं सुटलं, चमचा नाही सुटला. मर्यादा अशी: दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरी खाणाऱ्याला ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. नऊ वर्षांच्या मुलीचं खाणं कमी, त्यामुळे तिचा आकडा त्याहून खाली.

आता मला एवढंच सांगा. वाण्याच्या यादीत महिन्याला साखर किती असते?

—

बार्शीची_भाकर:

५ किलो. गूळ १ किलो. आषाढातही तेवढंच होतं, कापण्यांचा गूळ त्यातलाच.

—

दोन_चमचे:

५००० ग्रॅम, पाच माणसं, तीस दिवस. माणशी रोज ३३ ग्रॅम. गुळाचे साधारण ७. झाले ४०. गूळ चांगला म्हणून वेगळा काढू नका, शरीराच्या हिशेबी तो बहुतांशी साखरच आहे. बर्फी, आइस्क्रीम, बाहेरचं श्रीखंड, बिस्किटं यात अजून आलीच नाहीत.

पण बघा, बर्फी आणि आइस्क्रीम बाहेरून येतं, कापण्यांना गूळ लागला. शिकरण आणि शिऱ्याने मिळून किलोभर साखरही संपणार नाही. मग घरातली चार किलो कुठे गेली? चहा कोण किती पितं?

—

बार्शीची_भाकर:

हा प्रतिसाद वाचून अर्धा तास गप्प बसले होते.

साबु बिनसाखरेचा पितात. नवरा दोन कप, साबा दोन कप, प्रत्येकी एक चमचा. लेक दुधात दोन चमचे. मी चार कप. दोन-दोन चमचे. आणि ऑफिसचं काम घरूनच असतं तेव्हा पाचवा.

—

दोन_चमचे:

सपाट चमचा ४ ग्रॅमचा. चार कपांत आठ चमचे, ३२ ग्रॅम. रोज. तुमची एकटीची महिन्याची किलोभर साखर चहात. सपाट चमचा धरला म्हणून किलो, स्वयंपाकघरातला चमचा कुणाचाच सपाट नसतो.

—

विदर्भाचा_ठेचा:

टिंबं त्यांची, साखर तुमची.

—

मुक्काम_धायरी:

ठेचाभाऊ, जखमेवर मीठ चोळू नका. (साखर चोळा.)

बार्शीताई, सासऱ्यांचं मात्र सांभाळून. माझ्या वडिलांचं मी एकदम सगळं बंद केलं होतं, बर्फी कपाटातून शोधून फेकून दिली. ते तळपायाच्या मोज्यात पेढे लपवायला लागले. खोटं वाटेल, पण खरं आहे. शिवाय काही गोळ्या अशा असतात की जेवणाची वेळ टळली तर साखर एकदम खाली येते, थरथर सुटते, घाम येतो. अशा वेळी गोड लगेच लागतं. तेव्हा काय आणि किती कमी करायचं ते त्यांच्या डॉक्टरांसमोर ठरवा, घरच्या घरी फतवा काढू नका. 'शुगरफ्री' लिहिलेल्या खजूर-अंजिराच्या वड्यांवरही जाऊ नका, खजुरात भरपूर साखर असते.

—

पाटावरची_आजी:

मी या गोष्टीतल्या सासूच्या वयाची आहे म्हणून लिहिते. रोजची भाजी, आमटी, कोशिंबीर केली तर ताटावरून कोणी मान वर करत नाही. वाटीभर शिरा केला की चौघंही 'वा' म्हणतात. मग बाई शिरा करणार नाही तर काय? तुम्ही गोड कमी करा असं म्हणालात की त्यांना ऐकू येतं, तुमचं ओट्यापाशी काम नाही. एक दिवस भरल्या वांग्यांना 'वा' म्हणा. पण मनापासून, नाहीतर आम्हाला लगेच कळतं.

लेकीचं म्हणाल तर तिला नाही म्हणू नका, वार ठरवून द्या. आमच्या नातवाला बुधवार आणि रविवार आहे. तो आता गुरुवारी विचारत नाही, बुधवारी काय करायचं ते ठरवत बसतो.

—

ताकभात:

@पाटावरची_आजी, दंडवत.

—

बार्शीची_भाकर:

बारा दिवसांनी अपडेट देतेय. उशीर झाला, कारण मध्ये एक प्रकरण झालं.

घरातले सगळे हिशेब साबु बघतात, निवृत्त बँकवाले आहेत. दूधवाला महिन्याचे पैसे घ्यायला आला. साबुंनी कालनिर्णय काढलं, चष्मा लावला, टिंबं मोजली आणि त्याला म्हणाले, चोवीस खाडे आहेत, सहा दिवसांचे पैसे घे. तो बिचारा म्हणे, काका, मग महिनाभर चहा कशाचा प्यायलात? यावर साबु म्हणाले, सूनबाईने लिहिलंय, ती चुकायची नाही. मी आत ऑफिसच्या मीटिंगमध्ये. मला बाहेरचा आवाज येतोय, उठता येत नाही.

मीटिंग संपवून बाहेर आले आणि सगळं सांगून टाकलं. टिंबं, ५.९, वाण्याची यादी, ४० ग्रॅम. बर्फीचे चार दिवसही सांगितले, साबु खिडकीबाहेर बघत होते. साबा काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता आठवडाभर अबोला. थोड्या वेळाने म्हणाल्या, 'आणि तुझा चहा?'

मी धाग्यातलं सगळं सांगितलं होतं, तेवढं सोडून.

आता परिस्थिती अशी. लेकीला गुरुवार आणि रविवार दिलेत. पहिल्या गुरुवारी तिने अंगठ्याएवढा एक बेसनलाडू खाल्ला आणि दुसरा 'रविवारसाठी' डब्यात नाव लिहून ठेवला. श्रीखंडाची वाटी आता जुनी, लहान, लोणच्याची आहे. ताकभाताने शेवट नवऱ्याला जमला, साबुंना नाही. त्यांना पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेतेय. बर्फी पाव किलोवरून १०० ग्रॅमवर आली आहे, तीही मी बरोबर फिरायला जाते म्हणून. तळजाईला मोर असतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

नागपंचमीला पुरणाची दिंडं झाली, दोन्ही शुक्रवारी जिवतीचं पुरण झालं. त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही आणि दोनदा वाढून घेतलं. भरल्या वांग्यांना 'वा' म्हणाले. साबा म्हणाल्या, मीठ जास्त झालंय, उगाच काहीतरी बोलू नकोस. आजी, तुमचं बरोबर होतं, लगेच कळतं.

माझा चहा तीन कप, एकेक चमचा. पहिले चार दिवस डोकं दुखलं, आता चव लागतेय. पण कालनिर्णय माझ्या हातातून गेलंय. साबांनी ते ओट्याशेजारी लावलंय. गोडाचं टिंब माझंच चालू ठेवलंय, शेजारी लाल पेनने माझ्या प्रत्येक कपाची एक फुली. आज सकाळपर्यंत श्रावणात टिंबं सहा, फुल्या चौतीस.

दूधवाल्याचे उरलेले पैसे देऊन आले. त्याने विचारलं, या महिन्याच्या फुल्या कसल्या?