थ्रॉटल (मोटरची शक्ती) दिल्यावर विमानाचे नाक वर जाते आणि डावा पंख पडतो : आधी काय दुरुस्त करावे?

नमस्कार. मी फोमबोर्डचे, वरच्या बाजूला पंख असलेले रिमोटवर उडणारे, चार चॅनेलचे (चार स्वतंत्र नियंत्रणांचे) ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचे, मॉडेल विमान स्वतः बांधले आहे. आतापर्यंत ते तीन वेळा हवेत गेले आणि तिन्ही वेळा जवळजवळ एकाच पद्धतीने खाली आले. चौथ्यांदा ते हातातून सोडण्यापूर्वी चूक नेमकी कोठे आहे हे समजून घ्यायचे आहे, कारण अंदाजाने एकेक गोष्ट बदलत राहिलो तर विमानही राहणार नाही आणि कारणही कळणार नाही.

पंखांचा विस्तार १२०० मिलिमीटर असून रुंदी सर्वत्र २०० मिलिमीटर आहे. उड्डाणाच्या तयारीतले वजन ८५० ग्रॅम भरले होते, म्हणजे पंखाच्या दर चौरस डेसिमीटरवर सुमारे ३५ ग्रॅम भार येतो. पंखाचा छेद खालून सपाट आहे. मोटर २२१२ आकाराची, १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेऱ्यांची) असून तिच्यावर १० बाय ४.५ इंचांचा प्रोपेलर आहे. बॅटरी तीन सेलची, २२०० एमएएच क्षमतेची लिपो (लिथियम पॉलिमर) आहे आणि तिचे वजन १८० ग्रॅम आहे. मोटर मी अगदी सरळ बसवली आहे, तिला खाली किंवा उजवीकडे कोणताही कोन दिलेला नाही. पहिल्या उड्डाणापूर्वी दोन बोटांवर तोलून पाहिले तेव्हा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० मिलिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या ३० टक्क्यांवर आला होता.

घडते असे : साधारण तीन चतुर्थांश थ्रॉटल देऊन, वाऱ्याकडे तोंड करून विमान हाताने सोडले की ते काही मीटर सरळ जाते, मग एलिव्हेटरला (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीला) हात न लावताही नाक वर उचलते. मी एलिव्हेटर खाली देईपर्यंत वेग संपलेला असतो आणि डावा पंख एकाएकी खाली जातो. तो सावरण्यासाठी उजवे एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेवरच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) दिले, तर विमान सावरण्याऐवजी आणखी डावीकडे कोसळले. एलेरॉन उलटे जोडलेले नाहीत, हे प्रोपेलर काढून दोनदा तपासले आहे. पहिल्या वेळी नाक सावकाश वर गेले होते. शेपूट तुटल्यामुळे ती चिकटवून, वरून टेप लावून पुन्हा उडवले तेव्हा दुसऱ्या व तिसऱ्या वेळी ते फारच झपाट्याने वर गेले. आधी मोटरचा कोन बदलावा की गुरुत्वमध्य पुढे घ्यावा, आणि यांपैकी खरे कारण कोणते हे विमान न मोडता कसे ओळखावे?

प्रतिसाद

आपण शेपटीच्या दुरुस्तीचा उल्लेख ओझरता केला आहे, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुरुस्तीनंतर आपण गुरुत्वमध्य पुन्हा मोजला होता का? शेपूट गुरुत्वमध्यापासून साधारण ५५० मिलिमीटर मागे असेल आणि गोंद व टेप मिळून १४ ग्रॅम वाढले असतील, तर एवढ्यानेच गुरुत्वमध्य सुमारे ९ मिलिमीटर मागे जातो. मागे भार असलेले विमान नाक वर गेल्यावर स्वतःहून खाली येत नाही, उलट वरच जात राहते. गुरुत्वमध्य ५५ ते ६० मिलिमीटरच्या दरम्यान आणा. त्यासाठी नाकात शिसे भरू नका, बॅटरीच पुढे सरकवा. आपल्या विमानात ती १ सेंटिमीटर पुढे घेतली की गुरुत्वमध्य जेमतेम २ मिलिमीटर पुढे येतो, तेव्हा जागा करावी लागेल.

तरीही पहिल्या वेळी नाक का वर गेले, हा प्रश्न उरतो. पंख वर असलेल्या विमानात हवेचा बराचसा विरोध मोटरच्या रेषेच्या वर असतो, शिवाय वेग वाढला की पंखांची उचल वाढते. सरळ बसवलेली मोटर त्यामुळे नाक वर ढकलते. ही दोन कारणे वेगळी करण्यासाठी उंच गवतावर, मोटर बंद ठेवून, विमान समपातळीत सोडून पाहा. बंद मोटरवरही ते नाक वर करून थबकत असेल तर दोष तोलाचा किंवा एलिव्हेटरच्या ट्रिमचा (मध्यस्थितीच्या जुळणीचा) आहे. तरंगणे सरळ आणि थ्रॉटलवर मात्र नाक वर, असे असेल तर दोष कोनाचा आहे. मोटरच्या पाटाचे वरचे व खालचे स्क्रू एकमेकांपासून २५ मिलिमीटरवर असतील, तर वरच्या स्क्रूंखाली १ मिलिमीटर जाडीची वॉशर ठेवल्याने मोटर सुमारे २.३ अंश खाली झुकते, आणि सुरुवातीला एवढे पुरे.

डावा पंख पडणे हा मुख्यतः परिणाम आहे. मागून पाहता प्रोपेलर उजवीकडे फिरतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलवते, आणि वेग संपला की ती जाणवते. अशा वेळी उजवे एलेरॉन दिले की डाव्या पंखावरचा एलेरॉन खाली जातो, त्या पंखाचा हवेशी होणारा कोन आणखी वाढतो आणि आधीच स्टॉल होत असलेला, म्हणजे उचल गमावत असलेला पंख पूर्ण स्टॉल होतो. आधी नाक खाली घ्या, मग उजवे रडर (शेपटीवरचे उभे सुकाणू) द्या, आणि एलेरॉन वेग परत आल्यावरच वापरा.

मूळ लेखकाचे उत्तर

मनापासून आभार. आज वजन ८६४ ग्रॅम भरले आणि गुरुत्वमध्य ६९ मिलिमीटरवर निघाला. दुरुस्तीनंतर तो मोजण्याचे माझ्याकडून राहूनच गेले होते. पुढची आडवी पट्टी कापून बॅटरी ६ सेंटिमीटर पुढे घेतल्यावर तो ५७ वर आला. मोटर बंद ठेवून पाच वेळा सोडले, पाचही वेळा नाक स्थिर राहिले, मात्र विमान किंचित डावीकडे वळत होते. मागून डोळा लावून पाहिले तेव्हा रिमोटची काडी मध्यभागी असतानाही डावे एलेरॉन २ मिलिमीटर वर होते; क्लेव्हिस (एलेरॉनला जोडणाऱ्या तारेच्या टोकाची चिमटी) फिरवून ते सपाट केल्यावर वळणे थांबले. त्यानंतर अर्ध्या थ्रॉटलवर एकदाच सोडले : नाक अजूनही वर जाते, पण सावकाश, आणि एलिव्हेटर थोडा खाली दिल्यावर विमान सरळ उडत राहून गवतावर अलगद उतरले. वॉशर आता बसवतो आहे. उजवीकडचा कोनही त्याच वेळी द्यावा, की खालच्या कोनाचा परिणाम पाहून मगच?