अनुभव धागा : निवृत्तीनंतर रक्तवाहिन्यांची तपासणी कधी केलीत, काय निघालं?

नमस्कार. आमचे हे ६८ वर्षांचे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज पर्वती चढायचे. मागच्या वर्षी अर्ध्या वाटेतच उजव्या पोटरीत कळ यायला लागली. दोन मिनिटं उभं राहिलं की जायची, चालायला लागलं की परत हजर. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, वयोमानाने गुडघे गेले. कितीतरी महिने मी तेल चोळत होते.

मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मोजे काढायला लावले, पावलावर बोटं ठेवली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग दंडाला बांधतात तसाच पट्टा घोट्याच्या वर बांधला, जेल लावून पेनाएवढं यंत्र टेकवलं. डाव्या पायात ठोके दणदणीत. उजव्यात नुसती बारीक सूं सूं. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, हा आकडा ०.९ किंवा त्याखाली आला की पायाच्या धमनीत अडथळा आहे असं धरतात. यांचा ०.६२. पायाची धमनी अशी असेल तर हृदयाकडे आणि मेंदूकडेही लक्ष द्यावंच लागतं, हे तेव्हा कळलं.

तुमचे अनुभव मनापासून हवे आहेत. उशीर झाला असेल तर तेही लिहा.

सांगलीहून :
ताई, आमच्याकडे उशीरच झाला. बाबा एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं तंबाखू. सकाळी चहा पिताना हातातून बशी निसटली, जीभ जड झाली. दहा मिनिटांत सगळं ठीक. आई म्हणाली, पित्त असेल. चौथ्या दिवशी उजवी बाजू गेली. बीपी किती वर्षं वाढलेलं होतं, कोणालाच माहीत नाही, कारण कधी मोजलंच नव्हतं. असं काही झालं तर तपासणीची तारीख घेत बसू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

लेस्टर, इंग्लंडहून :
इथे पुरुषांना ६५व्या वर्षी सरकारी आरोग्यसेवेचं पत्र येतं, पोटातल्या महाधमनीच्या सोनोग्राफीचं. मी दोनदा बाजूला ठेवलं होतं, बायकोने फोन करून वेळ घेतली. दहा मिनिटांचं काम. निघालं ३.४ सेंटिमीटर. ३ च्या पुढे फुगवटा म्हणतात. ४.४ पर्यंत दर वर्षी मोजतात, ५.५ झाला की शल्यविशारदाकडे पाठवतात. मला कणभरही त्रास नव्हता. चाळीस वर्षांची सिगारेट त्याच आठवड्यात सोडली. भारतात असं पत्र येत नाही, म्हणून धूम्रपान केलेल्या माझ्या तिथल्या मित्रांना मीच फोन करतो.

निवृत्त परिचारिका, नाशिक :
एक भर घालते. मधुमेह जुना असेल तर घोट्याच्या वाहिन्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो. १.४ च्या वर आला तर खूश होऊ नका, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्या. आणि बीपी पहिल्यांदा तरी दोन्ही दंडांवर मोजा.

ठाण्याहून :
आमच्या सोसायटीतल्या शिबिरात मानेच्या धमन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) सरसकट सगळ्यांचा केला. माझ्यात थोडा थर निघाला आणि महिनाभर झोप नाही. आमच्या फिजिशियननी समजावलं की लक्षण नसताना ही तपासणी सरसकट करू नये, अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाचाही तसाच सल्ला आहे. आधी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूचा हिशेब. मोठी पॅकेजं घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, एवढं कळकळीने सांगतो.

खर्चाचं : जुन्या करपद्धतीत आरोग्यविम्याच्या वजावटीखाली (८०डी म्हणून ओळखतात ती), तिच्या एकूण मर्यादेत, ५,००० रुपयांपर्यंत प्रतिबंधक तपासणी दाखवता येते. रोख दिले तरी चालतात. पावती ठेवा.

पुन्हा मीच. सांगलीच्या ताई, तुमचं वाचून आज यांच्या धाकट्या भावाला फोन केला. त्यालाही मधुमेह आहे, पाय दुखतात म्हणतो, तेल लावतो. शनिवारी घेऊन जातेय. यांना गोळ्या सुरू आहेत आणि रोजचं चालणं लावून दिलंय : कळ येईपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. सुरुवातीला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तीनदा थांबत होते. काल एकदाच थांबले.