मदत हवी आहे : वृद्धनिवासात ‘पारो’ वापरल्याचा अनुभव कोणाला आहे का?

नमस्कार. माझी ८३ वर्षांची आई पुण्याजवळच्या एका वृद्धनिवासात राहते. तिला स्मृतिभ्रंश आहे. दुपारी चार वाजले की ती अस्वस्थ होते आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत “घरी कधी जायचं?” एवढेच विचारत राहते. अशा रुग्णांना शांत वाटावे म्हणून निवासाच्या संचालकांनी ‘पारो’ हा जपानी यंत्रमानव आणण्याचे सुचवले असून, खर्चाचा काही वाटा कुटुंबीयांनी उचलावा अशी त्यांची अपेक्षा आहे.

यंत्रमानव म्हणायचे खरे, पण ते सील या समुद्री प्राण्याचे पांढरे, मऊ केसांचे, सुमारे पावणेतीन किलोंचे पिल्लू आहे. जपानी अभियंते ताकानोरी शिबाता यांनी १९९३पासून ते विकसित केले आणि अमेरिकेत २००९मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. कुरवाळले की ते मान वळवते, डोळे मिटते, आवाज काढते. बोलत मात्र नाही, त्यामुळे भाषेचा प्रश्न येत नाही, ही मला मोठीच सोय वाटते.

एकच पिल्लू अनेकांच्या मांडीवर फिरणार असेल, तर त्याच्या केसांची स्वच्छता रोज कशी राखतात? बिघडल्यास भारतात दुरुस्ती होते का? आणि आईने ते जिवंत समजून “याला दूध दिलंत का?” असे विचारले, तर खरे सांगावे की तिच्या समजुतीला धरून बोलावे? सेविकांची संख्या कमी करण्यासाठी ही सबब ठरेल, अशी शंकाही मनात आहे. प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी, विशेषतः परिचारिकांनी, कृपया सविस्तर लिहावे.