इंकजेटने घरी पीसीबी (सर्किट बोर्ड): डाय इंक (पाण्यात विरघळणारी शाई) चालेल का पिगमेंटच (बारीक रंगकणांची शाई) भरू?

टायमरवाला_मिरज
मंडळी, घरी चार टाक्यांचा इंकजेट आहे, पिएझो हेडचा (शाई उष्णतेने नाही, विजेने हलणाऱ्या स्फटिकाने ढकलणारा), चारही रंग डाय इंक. लेसर नाहीये. ग्लॉसी पेपरवर सर्किट काढून इस्त्री फिरवली तर तांब्यावर काहीच उमटलं नाही, पेपर बदलला तरी तेच. दुकानदार म्हणतो पिगमेंट इंक भर, मग चिकटेल. बोर्ड पंपाच्या टायमरचा आहे, एका बाजूचा, बारीकात बारीक ट्रॅक ०.५ एमएम. काळी टाकी रिकामी करू का?

तांबेपत्रा
थांब, टाकीला हात लावू नकोस. इस्त्रीने तांब्यावर येतं ते लेसरचं टोनर, कारण ती प्लास्टिकची पूड असते, वितळून धरते. इंकजेटची शाई कागदातच बसते, डाय असो का पिगमेंट. आणि टाकी रिकामी केलीस तरी नळीत जुनी शाई राहतेच, दोन्ही मिसळल्या की हेड चोक होऊ शकतं.
तुझ्याकडे आहे तीच डाय इंक पारदर्शक प्लास्टिक फिल्मवर छापायला वापर. तांब्यावर ड्राय फिल्म (यूव्ही उजेड पडला की कडक होणारा पातळ थर) चिकटव, वर निगेटिव्ह प्रिंट ठेव (ट्रॅक पारदर्शक, बाकी काळं), यूव्ही दे. फक्त छापायची फिल्म इंकजेटचीच घे, एक बाजू बोटाला खरखरीत लागते ती. लेसरच्या गुळगुळीत फिल्मवर शाईचे थेंब थेंब होतात. प्रिंट बल्बसमोर धरून बघ, काळ्यातून उजेड दिसला तर दोन प्रिंट एकावर एक जुळवून चिकटव.

फेरिक_क्लोराइड
पिगमेंट अगदीच बाद नाही हं. मी थेट तांब्यावर छापतो, पण त्यासाठी जुना पिएझो प्रिंटर उघडून बोर्ड सरळ आत जाईल असा केलाय आणि सुरुवातीपासून पिगमेंटच भरलीय. डाय पाण्यात विरघळते त्यामुळे एचिंगमध्ये (नको असलेलं तांबं रसायनाने काढताना) धुवून जाते, पिगमेंट भाजून पक्की करावी लागते, तीही तांबं घासून चकचकीत असेल तरच, बोटाचा तेलकट डाग राहिला की तिथे शाई गोळा होते. एका टायमरसाठी एवढा खटाटोप नको, तांबेपत्रा म्हणतात तेच कर.

टायमरवाला_मिरज
केलं! दोन फिल्म जोडल्या, लिटरभर पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून डेव्हलप केलं (कडक न झालेली ड्राय फिल्म धुवून काढली), ट्रॅक सुंदर आलेत. पण आयसीच्या पायांमधल्या फटी भरून आल्या, सोड्याने निघतच नाहीयेत.

तांबेपत्रा
प्रिंटची शाईची बाजू वर राहिली असणार. ती तांब्याकडे पाहिजे, नाहीतर फिल्मच्या जाडीतून उजेड कडेने आत शिरतो आणि फटीतली ड्राय फिल्मपण कडक होते. बॉटम लेयर (बोर्डाच्या खालच्या बाजूच्या ट्रॅकचं चित्र) मिरर (आरशासारखं उलट) न करता काढ, शाई खाली केली की अक्षरं सरळ वाचता येतील. वर काच ठेवून चांगली दाबून घे. ही ड्राय फिल्म कॉस्टिक सोड्याने काढून टाक, हातमोजे घालून, बोर्ड तोच वापरता येईल.