एक्स-रेत झीज उजव्या गुडघ्यात जास्त, दुखतो मात्र डावा. असं का?

नमस्कार मंडळी,

आईच्या गुडघ्यांबद्दल विचारायचंय. वय ६३, वजन ७४ किलो. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत उजवा गुडघा ग्रेड ३, डावा ग्रेड २. तरी जिना उतरताना कळ येते ती डाव्यात. सकाळी दहा-पंधरा मिनिटं आखडलेला असतो, मग सुटतो. आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह, युरिक ॲसिड नॉर्मल, चिकनगुनिया कधी झालेला नाही.

डॉक्टर म्हणाले, "वयाची झीज," आणि गोळ्या दिल्या. शेजारच्या काकूंच्या मते वंगण संपलंय, मावशीने वांगी-बटाटे बंद करायला लावलेत (आई वैतागलीय). कूर्चेला (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) मज्जातंतू नसतात असं वाचलं. मग झिजल्यावर नेमकं दुखतं काय?

प्रतिसाद १
मी फिजिओथेरपिस्ट आहे. बरोबर वाचलंत. पण कूर्चेखालच्या हाडाला, सांध्याच्या आतल्या अस्तराला आणि बाहेरच्या आवरणाला मज्जातंतू असतात. अस्तर सुजलं किंवा हाडावर ताण आला की दुखतं. साध्या एक्स-रेत यातलं काही दिसत नाही. कूर्चासुद्धा नाही, फक्त दोन हाडांमधली फट दिसते. त्यामुळे ग्रेड आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही.

मांडीचा पुढचा स्नायू अशक्त असेल तर उतरताना सगळा भार सांध्यावर येतो. वजनाचंही तसंच: १ किलो उतरलं तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी हलका होतो. वांगी खाऊ द्या त्यांना.

एक मात्र विचारतो. डावा खुबा कुणी तपासलाय का? खुब्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यातच जाणवतं. त्या पायाची नखं कापायला, मोजा घालायला त्रास होतो का?

प्रतिसाद २
गुडघा लाल, गरम होऊन एकाएकी सुजला किंवा सोबत ताप आला, तर इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

धागाकर्ती
सूज, ताप काही नाही. खुब्याबद्दल आईला आत्ताच विचारलं. डाव्या पायाची नखं बरेच दिवस बाबाच कापून देतात म्हणे! मला पत्ताच नव्हता. खुब्याचा एक्स-रे आधी काढून घेऊ का?

प्रतिसाद १
नको. आधी झोपवून, पाय फिरवून तपासायला सांगा. गरज वाटली तर डॉक्टरच लिहून देतील.